विषाणू आणि वावड्या

डिचोली तालुक्यातील साळ हे गाव शिमग्याच्या दिवसांतील गड्यांच्या उत्सवासाठी साऱ्या गोमंतकात प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात मात्र त्याचे नाव वेगळ्याच कारणाने वर्तमानपत्रांत येते. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात तिळारीच्या खोऱ्यावर एखाद्या रात्री पाऊस कोसळतो, धरणातून पाणी सोडणे भाग पडते, आणि तेच पाणी खाली उतरून साळच्या बागायतींत आणि पेडणे तालुक्यातील इब्रामपूर, हणखणे, चांदेल या गावांच्या अंगणांत शिरते. २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये असेच घडले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पेडणे, डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांनी पुराचे पाणी पाहिले. अशा वेळी गावकऱ्याच्या हाताशी खरोखर उपयोगी पडणारी वस्तू एकच असते, आणि ती म्हणजे वेळेवर मिळालेली सूचना. पाणी केव्हा सोडले, किती सोडले, ते वाडीपर्यंत केव्हा पोहोचेल, एवढे कळले तर गोठ्यातील गुरे सोडता येतात, भाताची पोती माळ्यावर चढविता येतात, अंथरुणावरील म्हाताऱ्याला उंचावरच्या घरी हलविता येते. जी सूचना दोन घटका उशिरा येते, ती न आल्यासारखीच.

ही सूचना अनुभवी माणसाच्या अंदाजावर विसंबून राहू नये म्हणून गोव्याच्या जलस्रोत खात्याने प्रमुख नद्यांवर पंधरा ठिकाणी पाण्याची पातळी आणि पाऊसमान यांची आपोआप नोंद घेणारी यंत्रणा उभी केली. नदीकाठची उपकरणे आकडे पाठवीत आणि पणजीच्या केंद्रातील संगणक ते साठवीत असे. २०२२ सालच्या जून महिन्याच्या २१ तारखेला, म्हणजे पावसाळा नुकता सुरू झाला असताना, मध्यरात्रीच्या सुमारास या संगणकावर कोणी अज्ञाताने घाला घातला. सकाळी पाहिले तो साऱ्या नोंदींची नावे बदललेली. प्रत्येक नावाला ‘ईकिंग’ अशी एक अनोळखी शेपटी जोडलेली, आणि आतील मजकूर कोणाला वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात गोठविलेला. पडद्यावर मागणी होती खंडणीची, तीही बिटकॉइन या डोळ्यांना न दिसणाऱ्या चलनात. खात्याने पोलिसांकडे धाव घेतली. त्या तक्रारीतून जे बाहेर आले ते त्या अज्ञात दरोडेखोराच्या हुशारीपेक्षा अधिक विचार करावयास लावणारे होते. संगणक चोवीस तास इंटरनेटला जोडलेला होता, त्यावर विषाणूप्रतिबंधक प्रणाली नव्हती, आणि बाहेरच्यांना अडविणारी फायरवॉल जुनी झालेली होती. नदीवर पहारा ठेवणाऱ्याच्या स्वतःच्या घराला कडीच नव्हती, असा याचा सरळ अर्थ.

संगणकाचा विषाणू म्हणजे काय, याविषयी अजूनही पुष्कळ गैरसमज आहेत. तो हवेतून येत नाही आणि धुळीतून वाढत नाही. तो कोणा माणसाने लिहिलेला आज्ञांचा संच असतो. संगणक हा अत्यंत आज्ञाधारक सेवक आहे. आज्ञा कोणाची हे तो विचारीत नाही, दिलेली आज्ञा पाळतो. तेव्हा विषाणू लिहिणाऱ्यापुढे प्रश्न एकच उरतो. ही आज्ञा त्या सेवकाच्या कानापर्यंत कोणाच्या हातून पोहोचवावी? उत्तर बहुतेक वेळा असे असते की, घरच्या धन्याच्याच हातून.

या प्रकाराचा एक आद्य नमुना आपल्या शेजारचाच आहे. १९८६ साली लाहोरमधील बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू तयार केला. आपण लिहिलेल्या प्रणालीच्या चोरून नकला होऊ नयेत, हा त्यांचा सांगितलेला हेतू. गंमत अशी की त्या विषाणूत त्यांनी आपली नावे, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घालून ठेवला होता. फ्लॉपी नावाची चकती एका संगणकातून दुसऱ्यात जाई आणि तिच्यासोबत तो विषाणूही प्रवास करी. त्या काळचा संसर्ग असा पायी चालत असे. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या सातारा जिल्ह्यातील बंधूंनी कॅलक्युलेटर आणि संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून विषाणूंवरील उताऱ्याचे काम सुरू केले, ते या फ्लॉपीच्याच युगात. पुढे ‘क्विक हील’ या नावाने ते घरोघर पोहोचले. मराठी माणसाने मांडलेल्या उद्योगांत याची नोंद अजून व्हावी तितकी झालेली नाही.

ईमेल आले आणि विषाणूला पंख फुटले. १९९९ सालच्या मार्चमध्ये ‘मेलिसा’ आला. ज्याच्या संगणकावर तो उघडला जाई त्याच्या पत्त्यांच्या वहीतील पहिल्या पन्नास जणांना तो स्वतःच आपली प्रत धाडी. त्यानंतर वर्षभराने, ४ मे २००० रोजी, मनिला शहरातून निघालेल्या एका पत्राने तर जगाला हातोहात फसविले. पत्राचा विषय होता, ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’. सोबत जोडलेल्या कागदाचे नाव ‘प्रेमपत्र’. त्या नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ ही साध्या मजकुराची खूण होती, त्यामुळे तो निरुपद्रवी वाटे. वास्तविक त्याही पुढे ‘व्हीबीएस’ ही दुसरी खूण होती, आणि तीच खरी. विंडोज ही प्रणाली तिला परिचित असलेल्या खुणा वाचणाऱ्यापासून झाकून ठेवीत असे, आणि याच सोयीचा त्या लबाडाने फायदा घेतला. कागद उघडताच छायाचित्रांच्या जागी विषाणूच्या प्रती बसत आणि वहीतील प्रत्येक पत्त्यावर तेच प्रेमपत्र रवाना होई. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाला त्या दिवशी आपली ईमेल व्यवस्था बंद ठेवावी लागली. ओनेल द गुझमन हा त्याचा कर्ता सापडला, पण त्या वेळी फिलिपाईन्समध्ये अशा अपराधासाठी कायदाच नसल्यामुळे तो सुटला. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षीच्या १७ ऑक्टोबरला अमलात आला. विषाणू सोडून दुसऱ्याच्या संगणकाची हानी करणाऱ्याकडून भरपाई मागण्याची तरतूद त्याच्या ४३ व्या कलमात आहे, आणि अप्रामाणिकपणाने तसे करणाऱ्यास ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पेडणे महालात दशावतार पाहत मोठा झालेला माणूस संकासुराचा काळा वेष पाहून घाबरत नाही. त्या वेषाच्या आत आपल्याच ओळखीचा कोणी तरी आहे, हे त्याला चालण्यावरून आणि आवाजावरून कळते. ईमेलमध्ये याच्या नेमके उलटे घडते. वेष ओळखीच्या माणसाचा असतो आणि आत असतो असुर. म्हणूनच ‘अनोळखी माणसाचे पत्र उघडू नका’ हा नेहमी दिला जाणारा उपदेश अपुरा आहे. प्रेमपत्राचा विषाणू अनोळखी माणसाकडून येतच नव्हता. तो येई तो भावाकडून, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून, जुन्या वर्गमित्राकडून.

आणि गोव्यातील घरांत ओळखीच्या पत्राचे मोल केवढे असते, हे वेगळे सांगावयास नको. पेडणे आणि डिचोली या नव्या काबिजादीतल्या तालुक्यांतून कित्येक पिढ्यांनी पोटासाठी मुंबईची वाट धरली. पुढच्या पिढीतले काही आखाती देशांत गेले, काही जहाजांवर चढले. त्यांच्या पत्रासाठी पोस्टमनची वाट पाहणे हा घरातील बायकांच्या दिनक्रमाचा भाग होता. ईमेलने ती प्रतीक्षा एकाएकी संपविली. बाजारपेठेतील सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसावे आणि दुबईच्या मुलाचे पत्र वाचून यावे, असा एक काळ होऊन गेला. २००२ च्या सुमारास गोवा सरकारने ‘सायबरएज’ योजनेखाली अकरावीच्या विद्यार्थ्यांना नाममात्र किमतीत संगणक दिले आणि ज्या घरात दूरध्वनीही नवा होता तिथे संगणक येऊन बसला. मुलाच्या नावाने आलेले पत्र उघडण्यापूर्वी आईने त्याच्या जोडकागदाची शेपटी तपासावी, ही अपेक्षा त्या वेळी तरी अवास्तवच होती. यंत्र घरोघर गेले. ते वापरताना कशाला जपावे, हे सांगणारा माणूस मात्र त्याच्या मागोमाग गेला नाही.

प्रेमपत्राचा तो वंश अजून निर्वंश झालेला नाही. २०२४ सालच्या नोव्हेंबरमध्ये हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनी लोकांना सावध केले ते लग्नपत्रिकांविषयी. मोबाईलवर आमंत्रण येते, सोबत पत्रिका म्हणून एक फाईल असते, तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही खूण. ती पत्रिका नसून मोबाईलमध्ये शिरून बसणारा प्रोग्रॅम असतो, आणि बँकेचे सांकेतिक आकडे तो परस्पर दुसऱ्याला कळवितो. पंचवीस वर्षांत यंत्र बदलले, युक्ती तीच राहिली. पूर्वी प्रेमाचा कागद होता, आता लग्नाचा आहे, एवढीच काय ती प्रगती!

येथवर खऱ्या विषाणूची हकीगत झाली. त्याची सावली मात्र त्याच्याहून लांब पडते. ती सावली म्हणजे विषाणूची खोटी सूचना. १९९४ च्या अखेरीस अमेरिकेत एक पत्र फिरू लागले. ‘गुड टाइम्स’ असा विषय असलेले पत्र आल्यास ते वाचू नका, नुसते वाचल्यानेच तुमच्या संगणकातील सारे पुसले जाईल, आणि ही सूचना आपल्या सर्व मित्रांना ताबडतोब कळवा, असा त्यातील आशय. पुढे या सूचनेला अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचे नावही जोडण्यात आले. तसा विषाणू अस्तित्वातच नव्हता. आयोगाने काही सांगितलेले नव्हते. तरीही हे पत्र वर्षानुवर्षे फिरत राहिले, आणि ते पसरविणारे लोक कोणी दुष्ट नव्हते. ते सारे परोपकारी होते.

जुन्या पिढीतील श्रोत्यांना या पत्राची जात चटकन ओळखता येईल. पोस्टकार्ड येत असे. त्यावर एखाद्या दैवताचे नाव आणि चमत्काराची कथा. अमक्याने अकरा पत्रे लिहून पाठविली, त्याला धनलाभ झाला. तमक्याने कार्ड फाडून टाकले, त्याच्या घरात आजार शिरला. तुम्हीही अकरा जणांना लिहा. घरातील सुज्ञ माणूस ते कार्ड पाहून हसे, पण फाडावयाला त्याचाही हात धजत नसे. शेवटी घरातील शाळकरी मुलाला अकरा कार्डे आणावयास पाठविले जाई. त्याला साखळीपत्र म्हणत. (डिचोली तालुक्यातील साखळी या सुंदर गावाचा त्यात काही दोष नाही!) विषाणूची खोटी सूचना म्हणजे याच साखळीपत्राने केलेले नवे वेषांतर होय. देवाच्या कोपाची जागा विषाणूने घेतली, आणि दैवताच्या नावाची जागा एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावाने. फरक पडला तो वेगात. पोस्टकार्डाला पैसे पडत आणि हाताने लिहावे लागे. त्या श्रमांतच साखळी तुटण्याची सोय होती. ईमेलमध्ये एक कळ दाबली की झाले. एकाने दहा जणांना, त्या दहांनी प्रत्येकी दहा जणांना, असे चालू राहिले तर सहाव्या पायरीला पत्रांची संख्या दहा लाखांवर जाते.

२००१ सालची एक वावडी या बाबतीत विशेष अभ्यासण्याजोगी आहे. तिचा जन्म ब्राझीलमधला, भाषा पोर्तुगीज. तेथून ती इंग्रजीत उतरून जगभर गेली. ‘सल्फएनबीके’ या नावाची फाईल तुमच्या संगणकात आहे का ते शोधा. असल्यास तो विषाणू आहे, ताबडतोब पुसून टाका, असे तिच्यात सांगितलेले होते. वाचणारा शंकेखोर असला तरी शोधून पाहण्यास काय हरकत, असे म्हणून शोधी, आणि ती फाईल त्याला सापडे! आता शंकेला जागा कोठली? पत्र खरे ठरले, सांगणाऱ्याचे उपकार झाले. प्रत्यक्षात ती फाईल विंडोज प्रणालीचाच एक भाग होती, लांब नावे पूर्ववत करण्याच्या कामी येणारी, आणि म्हणून ती प्रत्येकाकडे असणारच होती. पुढील वर्षी ‘जेडीबीजीएमजीआर’ या दुसऱ्या फाईलीविषयी तीच कथा. तिचे चिन्ह होते छोट्या अस्वलाचे. एवढ्या गंभीर यंत्रात खेळण्यातले अस्वल कशाला, असे वाटून लोकांचा संशय अधिकच बळावला, आणि जगभर हजारो हातांनी ते निरपराध अस्वल मारले गेले.

या दोन वावड्यांत विषाणूची एकही ओळ नव्हती. फाईल पुसण्याचे आणि पुढच्याला पत्र पाठविण्याचे काम विषाणू करतो. येथे ते माणसाने केले, आणि तेही आपण सावध आहोत अशा समजुतीने. प्रतिबंधक प्रणालीचा यावर काही इलाज नाही, कारण पकडावयाचे असे त्या पत्रात काही नसतेच. तेथे आज्ञाधारक सेवक संगणक नव्हे, धनीच असतो.

हे सारे खोटे म्हणून सोडून द्यावे, तर तेही सुरक्षित नाही. ‘गुड टाइम्स’च्या वेळी जाणकार लोक छातीठोकपणे सांगत की, नुसते पत्र वाचून संगणक कधीही बिघडत नाही. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘बबलबॉय’ आला आणि आउटलुक या प्रणालीत नुसते पत्र उघडल्यानेच तो कामाला लागे हे सिद्ध झाले. पाच वर्षांपूर्वीची थाप खरी ठरली. २००२ साली ‘क्लेझ’ने याच्याही पुढे मजल मारली. त्याची काही पत्रे ‘क्लेझ’पासून बचाव करणारे मोफत साधन असे सांगत येत. एवढेच नव्हे, तर हे साधन चालविताना तुमची प्रतिबंधक प्रणाली कदाचित ओरडेल, तिकडे लक्ष देऊ नका, असेही त्यात बजावलेले असे. पाठविणाऱ्याचे नावही तो खोटे घालीत असे, त्यामुळे ज्याने काही पाठविलेच नाही त्याच्यावर ठपका येई. सूचना खोटी आणि विषाणू खरा, असा हा संगम. तेव्हा ‘सर्व सूचनांवर विश्वास ठेवा’ आणि ‘एकाही सूचनेवर विश्वास ठेवू नका’ हे दोन्ही नियम सारखेच घातक. उरतो तो एकच मार्ग, आणि तो कष्टाचा आहे. प्रत्येक सूचनेचे मूळ शोधावयाचे.

खोट्या सूचनेने फार तर एखादी फाईल जाईल, असे कोणास वाटत असेल तर त्याने धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याचे स्मरण करावे. मुले पळविणारी टोळी आली आहे, सावध राहा, अशा सूचना २०१८ सालच्या उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. आपल्या आप्तांना सावध करण्याच्या भावनेनेच त्या पुढे पाठविल्या जात. १ जुलै रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने या संशयावरून ठेचून मारले. ती माणसे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची. ना टोळी होती, ना कोणाचे मूल पळविले गेले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये अशी मर्यादा घातली. २०२० च्या एप्रिलमध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. पोस्टकार्डाच्या श्रमांत जी अडचण आपोआप होती, ती यंत्रात मुद्दाम आणून बसवावी लागली. पण एवढ्याने साखळी तुटत नाही, मंदावते.

याची दुसरी बाजू साळ आणि इब्रामपूरच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. खोटी सूचना केवळ भीती पसरवून थांबत नाही. ती खऱ्या सूचनेचे भांडवल खाऊन टाकते. २०२३ साली केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने आपत्तीच्या वेळी एका टापूतील सर्व मोबाईलवर एकाच क्षणी सूचना पोहोचविण्याच्या व्यवस्थेची चाचणी घेतली. मोबाईल एकाएकी मोठ्याने किंचाळू लागला आणि पडद्यावर मजकूर आला. ही केवळ चाचणी आहे, काही करू नये, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. तरीही आपल्या यंत्रात कोणी शिरले काय, हा विषाणू तर नव्हे, असे प्रश्न अनेकांना पडले. तो संशय अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. इतक्या वर्षांच्या खोट्या घंटांनी त्यांचे कानच तसे घडविले होते. उद्या खरोखरच पाणी सुटल्याची घंटा मध्यरात्री वाजली, आणि हीही एक वावडीच असेल असे म्हणून कोणी कूस बदलली, तर दोष एकट्या झोपणाऱ्याचा मानावयाचा काय? ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील मुलाने गंमत म्हणून आरोळी ठोकली होती. आजची आरोळी ठोकणारा बहुधा काळजीपोटी ठोकतो, आणि त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नाही.

कायद्याने मात्र अशा आरोळीची दखल घेतली आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, याच्या ५४ व्या कलमानुसार आपत्तीविषयी किंवा तिच्या तीव्रतेविषयी खोटी सूचना देऊन किंवा पसरवून घबराट निर्माण करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ‘देणारा’ आणि ‘पसरविणारा’ असे दोघेही या कलमात आहेत, याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. धरण फुटल्याची बातमी आपण रचली नाही, आपल्याला आली तशी पुढे पाठविली, हा बचाव तेवढासा भक्कम नाही.

मग सूचनेची पारख करावी कशी? पूर्वी गावात दवंडी पिटली जाई तेव्हा ती कोण पिटतो, कोणाच्या हुकुमाने पिटतो, आणि गोष्ट कोणत्या दिवसाची, हे लोकांना ऐकताक्षणीच कळत असे. आलेल्या संदेशाला नेमके हेच विचारावे. खोट्या सूचनेला बहुधा तारीख नसते; ‘आज’, ‘उद्या’, ‘आत्ताच कळले’ असे शब्द असतात, आणि त्यामुळे ती तीन वर्षांनीही ताजीच राहते. तिच्यात नाव मोठे असते पण पत्ता नसतो. ‘जिल्हाधिकाऱ्यांनी सांगितले आहे’ असे असते, परंतु कोणत्या जिल्ह्याच्या, ते नसते. आणि ‘सर्वांना पाठवा’ ही विनंती तर तिचा प्राणच होय. धरणाचे पाणी सोडणारा अभियंता आपल्या सूचनेच्या अखेरीस ‘दहा जणांना पाठवा’ असे कधी लिहिणार नाही. संशय असेल तर मामलेदार कार्यालयाला किंवा पंचायतीला दूरध्वनी करावा. त्याला त्या संदेशाच्या वाचनाहून फारसा अधिक वेळ लागत नाही.

विषाणूच्या बाबतीत शहाणपण याहून रुक्ष आहे. जोडकागद न मागता आला असेल तर पाठविणाऱ्याला आधी विचारावे, आणि तेही त्याच पत्राला उत्तर देऊन नव्हे, दूरध्वनी करून. संगणकाची मूळ प्रणाली आणि प्रतिबंधक प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, कामाच्या नोंदींची दुसरी प्रत वेगळ्या जागी, इंटरनेटपासून तोडून ठेवावी. शेतकरी पुढच्या हंगामाचे बियाणे घरखर्चाच्या कणगीत मिसळीत नाही, तसेच हे. खंडणीखोराने कुलूप लावले तरी ज्याची दुसरी प्रत कपाटात आहे त्याला त्या किल्लीची गरज नसते. ‘आपल्या छोट्या कचेरीत कोणाला काय मिळणार’ हा युक्तिवाद पंचायतींच्या, सोसायट्यांच्या आणि शाळांच्या कचेऱ्यांत नेहमी ऐकू येतो. पुराचे आकडे विकून तरी कोणाला काय मिळणार होते? खंडणीखोर मालाची किंमत पाहत नाही, मालकाची अडचण पाहतो. संगणकावर असा घाला पडल्यास संस्थांनी तो सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळवावा, असा आदेश २८ एप्रिल २०२२ रोजी निघालेला आहे. सामान्य माणसाचे पैसे गेले असतील तर १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि गोव्यात रायबंदर येथे सायबर गुन्ह्यांचे पोलीस ठाणे आहे. तेथे जावयास लाजण्याचे कारण नाही. लाजेने घालविलेला पहिला तास चोराच्या पथ्यावर पडतो.

एक नाजूक प्रश्न उरतो, आणि तो यंत्राचा नाही. खोटी सूचना पुष्कळदा घरातील वडीलधाऱ्या माणसाकडून येते. काका निवृत्त झालेले असतात, मोबाईल नुकता हाती आलेला असतो, आणि मुंबईच्या पुतण्याला, दुबईच्या भाच्याला सकाळी उठून सावध करणे हा त्यांच्या मायेचा नवा मार्ग असतो. चारचौघांत ‘हे खोटे आहे’ असे त्यांना सुनावले तर ते खट्टू होतात आणि पुढची सूचना दुसऱ्या गटात धाडतात. त्यांना वेगळा दूरध्वनी करावा. ही बातमी कोठून आली, असे विचारावे, आणि जे खरे आहे ते सांगावे. मग ज्या ज्या मंडळींना पहिला संदेश गेला, त्या सर्वांना दुरुस्तीही काकांच्याच हातून जाऊ द्यावी. वावडी ज्या पत्त्यांवर गेली ते पत्ते काकांपाशीच असतात.